केचिकनला पाहुणं म्हणून जाताना

अलास्काच्या क्रूझबद्दल मागच्या अंकात चार ओळी लिहिल्या आणि पत्रं आली ती बहुतेक एकाच गावाबद्दल. केचिकन. सियाटल किंवा व्हँकूव्हरहून वर निघालेली पुष्कळ जहाजं अलास्कात पहिल्यांदा टेकतात ती इथेच. रेव्हियाहिहेदो नावाच्या बेटावर, टाँगस नॅरोज या चिंचोळ्या खाडीच्या कडेला वसलेलं, आठ हजारांच्या आसपास वस्तीचं गाव. बाहेरून तिथे रस्ता जात नाही. बोटीनं जा नाहीतर विमानानं, आणि विमानतळही समोरच्या ग्रॅव्हिना बेटावर, त्यामुळे विमानातून उतरलात तरी फेरीबोटीत बसावंच लागतं.

मी या गावी तीनदा गेले. दोनदा क्रूझनं, काही तासांसाठी. तिसऱ्यांदा बेलिंगहॅमहून सरकारी फेरीबोटीनं, सप्टेंबरात, आणि दोन आठवडे राहिले. खाली जे लिहिते आहे ते बरचसं त्या दोन आठवड्यांचं आहे.

प्रश्न: मुलाकडे सियाटलला आले आहे. जूनमध्ये आम्ही सगळे क्रूझला जाणार. केचिकनला जहाज सकाळी सात ते दुपारी एक थांबतं. सून म्हणते, तिथे नुसता पाऊस असतो, तुम्ही जहाजावरच बसा. माझं वय अडुसष्ट, चालायला ठीक आहे. बसू का? (एक निवृत्त शिक्षिका)

बाई, अजिबात बसू नका. सूनबाईंचं पावसाबद्दलचं म्हणणं खरं आहे. वर्षाला १४० ते १५० इंच पडतो, म्हणजे साडेतीन हजार मिलिमीटरच्या वर. धक्क्याजवळ माणसापेक्षा कितीतरी उंच असा पर्जन्यमापक रंगवून उभा केलाय, आणि १९४९ साली २०२ इंचांहून जास्त पाऊस पडला तो आकडाही त्यावर अभिमानानं लिहिलाय. गावातली माणसं पावसाला ‘लिक्विड सनशाइन’ म्हणतात. त्यातल्या त्यात जून-जुलै कोरडे. ऑक्टोबर सगळ्यात ओला.

पण हा पाऊस अंगावर चालून येणारा नसतो. बहुतेक वेळा रिपरिप असते, मध्येच भुरभुर, मध्येच पाच मिनिटं थांबून डोंगराचं टोक दाखवून पुन्हा सुरू. पॅसिफिकवरची ओली हवा किनाऱ्यालगतच्या डोंगरांना धडकते, वर चढते, गार होते आणि तिथेच रिकामी होते. त्यानं काय केलंय ते बघायला उतरायचं. या पावसावरच तिथे रेड सीडर, स्प्रूस आणि हेमलॉकचं जंगल वाढलं. गावाभोवतीचं टाँगस नॅशनल फॉरेस्ट हे अमेरिकेतलं सगळ्यात मोठं राष्ट्रीय वन आहे. सीडर वाढला म्हणून टोटेमचे उंच खांब कोरले गेले, होड्या झाल्या, घरं झाली, सालीच्या टोप्या आणि चटया विणल्या गेल्या. ओढे वाहते राहिले म्हणून सॅमन मासा आला, आणि माशामागून माणूस. पाऊस टाळून केचिकन बघणं म्हणजे स्वयंपाकघर टाळून घर बघणं.

कपड्यांचं सांगते. छत्री नेऊ नका. खाडीवरचा वारा उलटी करतो आणि अरुंद फुटपाथवर ती दुसऱ्याच्या डोळ्यात जाते. गावातले लोक छत्री वापरताना मला जवळजवळ दिसलेच नाहीत. टोपीचा लांब रेनकोट, आत एक स्वेटर आणि घसरणार नाहीत असे बूट. तिथले कोळी, शाळेतली मुलं, बँकेतल्या बाया, सगळे तपकिरी रबरी बूट घालतात, एक्स्ट्राटफ नावाचे. तुम्हाला ते घ्यायची गरज नाही. पण लाकडी फळ्यांचे रस्ते ओले असताना शेवाळलेल्या पायरीसारखे होतात, तेव्हा कठड्याला हात असू द्या. चष्मा असेल तर पुसायला सुती रुमाल खिशात दोन ठेवा, एक भिजतोच.

प्रश्न: टोटेम खांब म्हणजे तिथल्या आदिवासींचे देव का? तिथे हात जोडायचे की नुसते फोटो काढायचे? चुकीचं वागायला नको म्हणून विचारतो.

हा प्रश्न विचारल्याबद्दल तुमचे मनापासून आभार. देव नाहीत. त्यांची पूजा कधी होत नव्हती. सुरुवातीच्या मिशनऱ्यांपैकी कित्येकांनी त्या मूर्ती समजल्या आणि त्या गैरसमजापायी फार नुकसान झालं.

खांब म्हणजे एका कुळाची लिहून ठेवलेली मालमत्ता, असं मी माझ्यापुरतं समजते. या किनाऱ्यावर मुख्यत्वे तीन समाज आहेत: ट्लिंगिट, हायडा आणि त्सिमशियन. केचिकनची भूमी ट्लिंगिटांची. त्यांच्यात समाजाचे दोन भाग, डोमकावळा आणि गरुड, आणि प्रत्येकात अनेक कुळं. लग्न नेहमी दुसऱ्या भागात. आपल्याकडच्या सगोत्र-असगोत्रासारखं वाटेल, पण एक मोठा फरक आहे: कूळ आईकडून येतं. मूल आईच्या कुळाचं, आणि मुलाला वळण लावायचं, शिकार आणि कुळाचा इतिहास शिकवायचा तो मामानं. हे मला तिथल्या एका आजींनी सांगितलं तेव्हा त्या मधेच थांबून म्हणाल्या, “आता तुझ्या मामाचं नाव सांग.” मी सांगितलं. मग त्या पुढे बोलल्या.

प्रत्येक कुळाची स्वतःची चिन्हं असतात, बीव्हर, अस्वल, किलर व्हेल, बेडूक. स्वतःच्या गोष्टी असतात, गाणी असतात. दुसऱ्या कुळाला ती वापरायचा हक्क नसतो. खांब उभा केला की ते चिन्ह, ती गोष्ट, तो मृत पूर्वज, तो विवाह, ती देणी-घेणी सगळ्यांसमोर जाहीर होतं. त्यासाठी पाहुणे बोलवायचे, दिवसेंदिवस जेवू घालायचं, आणि जाताना त्यांना भेटी द्यायच्या. या समारंभाला पॉटलॅच म्हणतात. पाहुण्यांनी भेट घेतली म्हणजे ते साक्षीदार झाले. इथे साक्षीदाराला मोबदला मिळतो, आणि जे पाहिलं ते लक्षात ठेवणं हे त्याचं काम असतं.

काही खांब कोणाच्या स्मरणार्थ असतात, काहींच्या पोटात पूर्वी अस्थी ठेवल्या जात, काही घराच्या आत छत तोलून धरतात, आणि काही एखाद्याला लाजवण्यासाठी उभारले जातात. त्याबद्दल पुढे सांगते. आणखी एक. सगळ्यात खालची आकृती म्हणजे सगळ्यात कमी मानाची, हा समज चुकीचा आहे. ‘टोटेम’ हा शब्दसुद्धा या किनाऱ्यावरचा नाही, तो फार दूरच्या पूर्वेकडच्या ओजिब्वे लोकांच्या भाषेतून आला. ट्लिंगिटमध्ये खांबाला ‘कूटीया’ म्हणतात.

हात जोडलेत तर कोणी रागावणार नाही, पण मला विचाराल तर हात लावू नका आणि फोटोआधी तिथली पाटी वाचा, कोणाचा खांब आहे ते. गावातल्या मोकळ्या जागेतल्या खांबांचे फोटो खुशाल काढा. नाच चालू असताना किंवा कारागीर काम करत असताना आधी विचारा. निघताना ‘गुनल्चीश’ म्हणा. त्याचा अर्थ ‘आभारी आहे’. उच्चार चुकला तर ते दुरुस्त करून देतात, तेव्हा पुन्हा एकदा म्हणा.

प्रश्न: चार-पाच तासच हातात आहेत. सॅक्समन, टोटेम बाइट, टोटेम हेरिटेज सेंटर, लंबरजॅक शो, सीप्लेननं मिस्टी फिऑर्ड्स, यातलं काय निवडू? बरोबर बायको आणि कॉलेजातली मुलगी आहे.

मिस्टी फिऑर्ड्स, म्हणजे उंच कड्यांमध्ये शिरलेल्या समुद्राच्या खाड्या, सुंदर आहे, पण ढग खाली उतरले की विमानं उडत नाहीत. तिकीट काढलंत तर रद्द झाल्यावर पैसे कसे परत मिळतात ते आधी विचारून ठेवा. लंबरजॅक शोबद्दल, म्हणजे लाकूडतोड्यांच्या कसरतींच्या खेळाबद्दल, मला काही म्हणायचं नाही.

मी तुमच्या जागी असते तर आधी चालत टोटेम हेरिटेज सेंटरला गेले असते. धक्क्यावरून ओढ्याच्या काठानं वर, वीस मिनिटं. पाय दुखत असतील तर उन्हाळ्यात गावातून मोफत शटल बस फिरते. इमारत लहान आहे, बाहेरून कोणी थांबणार नाही अशी. ती १९७६ साली बांधली. आत एकोणिसाव्या शतकातले खरे खांब आहेत, टाँगस बेट आणि व्हिलेज आयलंड या ट्लिंगिट गावांतून आणि जुनं कसान या हायडा गावातून आणलेले. माणसं डबाबंद सॅमनच्या कारखान्यांच्या, शाळांच्या, चर्चच्या गावांकडे राहायला गेली होती आणि खांब जंगलात मागे राहिले होते. वडीलधाऱ्यांच्या संमतीनं ते इथे आणले गेले. रंगवले नाहीत, डागडुजी केली नाही. मुळात खांबाची डागडुजी करायची नसतेच. तो उभा राहतो, कलतो, पडतो, मातीत जातो. पुन्हा उभा करायचा तर नव्या खांबाइतकाच समारंभ आणि तितकाच खर्च.

एका खांबापाशी मी बराच वेळ उभी होते. त्यावर एक चेहरा होता, अर्धा. उजवा डोळा शाबूत, कोरीव, वरच्या पापणीची कड अजून धारदार. डाव्या डोळ्याच्या जागी खळगा, लाकूड भुसभुशीत झालेलं, आणि खळग्यात एका लहान झाडाच्या मुळानं आपली वाट सोडलेली. खांबावर झाड उगवलं होतं, त्याचं मूळ आतून उतरलं होतं. गालावर मात्र वाकसाचे घाव जसेच्या तसे. बोटाच्या पेराएवढे, एकाला एक लागून, सरळ रांगेत, माशाच्या खवल्यांसारखे. ज्यानं ते तासलं त्याचा हात कुठे थबकला नव्हता. रंग म्हणाल तर ओठाच्या कोपऱ्यात काळपट लाल असा एक ठिपका उरला होता. त्या खोलीत सीडरचा वास येतो, जुन्या लाकडी पेटीच्या तळाशी येतो तसा.

हे पाहून झालं की बसनं किंवा टॅक्सीनं सॅक्समनला जा, दक्षिणेकडे तीनएक मैल. सॅक्समन ही ट्लिंगिट लोकांची स्वतःची नगरपालिका असलेली वस्ती आहे, तेव्हा तिथे उद्यानात गेल्यासारखं न जाता कोणाच्या तरी वाडीत गेल्यासारखं जा. तिथल्या खांबांपैकी बरेच १९३८ नंतर, मंदीच्या काळातल्या सरकारी रोजगार योजनेतून, जुन्या गावांतून आणून दुरुस्त केलेले किंवा नव्यानं कोरलेले आहेत. कोरीवकामाची शेडही आहे. मी गेले तेव्हा आत एक आडवा लांब ओंडका होता आणि एक तरुण वाकसानं तासत होता. ठक, ठक, ठक, आणि प्रत्येक ठोक्याला एक पातळ ढलपी कुरळी होऊन खाली. नेथन जॅक्सन यांच्यासारख्या थोर कारागिरांनी याच गावात पुढची पिढी घडवली. १९९५ साली त्यांना अमेरिकेचा नॅशनल हेरिटेज फेलोशिप हा लोककलेचा मोठा सन्मान मिळाला.

आता तो लाजवणारा खांब. सॅक्समनमध्ये विल्यम सुअर्डचा खांब आहे. सुअर्ड म्हणजे १८६७ मध्ये रशियाकडून अलास्का ७२ लाख डॉलरला विकत घेणारे अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री. ट्लिंगिटांचं म्हणणं तेव्हाही हेच होतं आणि आजही हेच आहे की रशियाची ती भूमी कधी नव्हतीच, मग विकली कशी? १८६९ मध्ये सुअर्ड अलास्काच्या सफरीवर आले. टाँगस ट्लिंगिटांच्या प्रमुखानं त्यांना पाहुणा म्हणून जेवू घातलं, भेटी दिल्या. सुअर्ड त्या घेऊन गेले. परत काहीही आलं नाही. मग कुळानं त्यांचा खांब कोरला, नाक आणि कान लाल रंगवले. लाल म्हणजे कंजूषपणा. जुना खांब झिजला तेव्हा १९३०-४० च्या काळात दुसरा झाला, तोही झिजला तेव्हा २०१७ मध्ये नवा उभा राहिला. ऋण फिटलेलं नाही, म्हणून खांब दर वेळी नवा होतो.

मुलीला ही गोष्ट जरूर सांगा, आणि तिच्याबरोबर दुसरीही. १८९९ मध्ये रेल्वेचे धनाढ्य मालक एडवर्ड हॅरिमन यांनी एक जहाज सजवून शास्त्रज्ञ, चित्रकार, छायाचित्रकार आणि आपलं कुटुंब बरोबर घेऊन अलास्काची सफर केली. परतीच्या वाटेवर ते केप फॉक्स या ट्लिंगिट गावी थांबले. गावात कोणी नव्हतं. सफरीतल्या लोकांनी खांब, घराचे कोरीव स्तंभ, वस्तू जहाजावर चढवल्या आणि नंतर ते सगळं मोठमोठ्या संग्रहालयांत गेलं. पण गाव टाकून दिलेलं नव्हतं. गावचे लोक सॅक्समनला राहायला गेले होते. खांब त्यांचेच होते. तब्बल शंभर वर्षांनी, २००१ साली, संग्रहालयांनी ते परत केले. १९९० च्या कायद्यानं तसा हक्क मिळाला होता. खांब घरी आले तेव्हा लोक रडले असतील, हे मी समजू शकते. मला कळायला वेळ लागला ते पुढचं: केप फॉक्सच्या लोकांनी त्या संग्रहालयांना रेड सीडरचे ओंडके भेट दिले. ज्यांनी शंभर वर्षं त्यांच्या वस्तू ठेवून घेतल्या त्यांना. हार्वर्डच्या पीबॉडी संग्रहालयातला आजचा खांब तसल्या ओंडक्यातून नेथन जॅक्सन यांनीच कोरला.

ते १८९९ चं जहाजसुद्धा सहलीचंच जहाज होतं. सॅक्समनमधून परतताना दूरवर आमचं बारा मजली जहाज दिसलं तेव्हा मला तेच आठवलं.

टोटेम बाइट उत्तरेला दहा मैलांवर आहे. समुद्राकाठी झाडीत खांब आणि जुन्या पद्धतीचं कुळाचं घर. त्याचं दार अंडाकृती आणि इतकं ठेंगणं की वाकूनच आत जावं लागतं. एवढ्या वेळात तिन्ही ठिकाणं होतीलच असं नाही. घाई करून तिन्ही बघू नका.

प्रश्न: मैत्रिणींसाठी छोटे टोटेम आणि मुखवटे आणायचेत. धक्क्याजवळच्या दुकानांत स्वस्त मिळतात असं ऐकलंय. खरं का?

स्वस्त मिळतात. ते तिथे बनत नाहीत म्हणून.

पहिल्या फेरीत मी तेच केलं. बंदराजवळच्या एका दुकानातून वीतभर लांबीचा खांब घेतला, विकणाऱ्या मुलानं ‘नेटिव्ह डिझाइन’ म्हणून छातीठोकपणे सांगितलं. वर्षानुवर्षं तो माझ्या टेबलावर होता. तिसऱ्या फेरीत राहायला गेले तेव्हा सेंटरमधल्या एका बाईंना त्याचा फोटो दाखवला. त्यांनी तो मोठा करून पाहिला आणि शांतपणे म्हणाल्या, “यात कुठलंच कूळ नाही.” चोच गरुडाची, शेपूट बीव्हरचं, खाली काहीतरी हसणारं. भाषा माहीत नसताना अक्षरं जोडावीत तसं. मला फार वाईट वाटलं, स्वतःपेक्षा त्यांच्यासाठी. त्यांच्या आजोबांची सही कोणीतरी गिरवून विकत होतं आणि मी ती विकत घेतली होती.

तेव्हा हे पाहा. अलास्का राज्याची ‘सिल्व्हर हँड’ नावाची खूण असते, पंज्याच्या चित्राची. ती ज्या वस्तूवर असते ती अलास्काच्या मूलनिवासी कलाकारानं हातानं बनवलेली असते. अस्वलाच्या चित्राची ‘मेड इन अलास्का’ ही खूण वेगळी. तिचा अर्थ वस्तू अलास्कात बनली एवढाच, कोणी बनवली ते तिच्यातून कळत नाही. १९९० च्या एका केंद्रीय कायद्यानुसार मूलनिवासींनी न बनवलेली वस्तू त्यांची म्हणून विकणं गुन्हा आहे, म्हणून सरळ विचारा: कलाकाराचं नाव काय, कुठल्या समाजाचा, लाकूड कुठलं? खरं दुकान असेल तर उत्तर लगेच येतं, बहुतेक वेळा एखादी गोष्टही सांगतात. सॅक्समनला आणि हेरिटेज सेंटरच्या छोट्या दुकानात खात्रीच्या वस्तू मिळतात. पैसे कमी असतील तर एखादं छापील चित्र किंवा कार्ड घ्या, पण चित्रकाराच्या सहीचं. दहा मैत्रिणींना दहा खोटे खांब देण्यापेक्षा.

प्रश्न: आम्ही भारतीय पासपोर्टवर. अमेरिकेचा व्हिसा आहे. कॅनडाचा लागेल का? आणि ‘वॉर्ड कोव्ह’ म्हणजे केचिकनच का?

बहुतेक वेळा लागेल. १८८६ च्या एका जुन्या अमेरिकी कायद्यामुळे परदेशी ध्वजाच्या जहाजाला सियाटलहून निघून सियाटललाच परतायचं असेल तर मध्ये एखाद्या परदेशी बंदराला लागावं लागतं, म्हणून जवळजवळ सगळी जहाजं व्हिक्टोरियाला थांबतात. व्हँकूव्हरहून निघणार असाल तर प्रश्नच नाही. तुमच्या नेमक्या मार्गाचं लेखी उत्तर जहाज कंपनीकडून घ्या, आणि ते तिकिटाचे पैसे भरण्याआधी.

वॉर्ड कोव्ह गावाच्या उत्तरेला सातएक मैलांवर आहे, पूर्वीच्या लगद्याच्या कारखान्याच्या जागी. कारखाना १९९७ मध्ये बंद झाला, २०२१ पासून तिथे क्रूझ लागतात. गावात यायला बस असते, पण जाण्यायेण्याचा वेळ तुमच्याच वेळातून जातो. कुठे लागणार ते आधी बघा. अलास्काचं घड्याळ सियाटलच्या एक तास मागे असतं, आणि काही जहाजं स्वतःचीच वेळ धरून चालतात. उतरताना दरवाज्यापाशी लावलेली वेळ मनगटावर जुळवून घ्या.

प्रश्न: त्यांना ‘इंडियन’ म्हणावं, ‘रेड इंडियन’ की ‘एस्किमो’? (कॉलेजचा विद्यार्थी)

यातलं एकही नको. समाज माहीत असेल तर त्याचंच नाव: ट्लिंगिट, हायडा, त्सिमशियन. माहीत नसेल तर ‘अलास्का नेटिव्ह’. एस्किमो हा शब्द तर दुसऱ्याच, उत्तरेकडच्या लोकांना बाहेरच्यांनी दिलेला. कायद्याच्या जुन्या कागदांत आणि काही संस्थांच्या नावांत ‘इंडियन’ आढळेल, ते त्यांचं ते वापरतात.

आणि तू कॉलेजात आहेस म्हणून एक नाव सांगून ठेवते: एलिझाबेथ पेराट्रोविच. ट्लिंगिट बाई, केचिकनच्या हायस्कूलमध्ये शिकलेली. त्या काळी अलास्कात दुकानांच्या दारांवर नेटिव्हांना मज्जाव करणाऱ्या पाट्या असत. १९४५ साली जूनोच्या विधिमंडळात तिनं त्याविरुद्ध साक्ष दिली आणि भेदभावविरोधी कायदा झाला, देशातल्या नागरी हक्कांच्या मोठ्या कायद्याच्या जवळजवळ वीस वर्षं आधी. २०२० च्या एका डॉलरच्या नाण्यावर तिचा चेहरा आहे. हाताला लागलं तर जपून ठेव.

प्रश्न: सॅमन मासे समुद्रातून परत त्याच ओढ्यात येतात हे खरं आहे का? त्यांना रस्ता कसा सापडतो? मी सहावीत आहे आणि ऑगस्टमध्ये आम्ही जाणार आहोत.

खरं आहे, आणि तू अगदी बरोबर महिन्यात जाते आहेस. सॅमनचं पिल्लू ओढ्याच्या तळाशी, गोट्यांमध्ये अंड्यातून बाहेर येतं, मग समुद्रात जातं आणि मोठं होऊन आपल्याच ओढ्याकडे परततं. शेवटच्या टप्प्यात ते वासानं ओळखतं. प्रत्येक ओढ्याच्या पाण्याला आपला वास असतो आणि तो त्याला लहानपणापासून पाठ असतो. गोड्या पाण्यात शिरल्यावर तो खाणं सोडून देतो, नुसता वर चढत राहतो. अंडी घातली की मरतो. तेव्हा गावात ऑगस्टच्या शेवटी कुजक्या माशाचा वास येतो, नाक दाबू नकोस. अस्वलं ते मासे जंगलात ओढून नेतात, उरलेलं मातीत जातं, आणि समुद्रातलं खत झाडांना मिळतं. उंच सीडरच्या पोटातसुद्धा थोडा सॅमन असतो.

तिथले लोक याची एक गोष्ट सांगतात. गोष्ट त्यांची आहे, मी थोडक्यात सांगते, पूर्ण तू तिथेच ऐक. डोमकावळा मासेमारीला गेला, मासा मिळेना, आणि दाट धुकं आलं. धुक्यातून एक बाई आली. तिनं झाडाच्या मुळांची विणलेली टोपी काढली आणि सगळं धुकं त्या टोपीत गोळा केलं. डोमकावळ्यानं तिच्याशी लग्न केलं. ती पाण्याच्या टोपलीत बोटं बुडवायची आणि आत सॅमन व्हायचे. घर वाळवलेल्या माशांनी भरलं. मग डोमकावळ्याला गर्व झाला, तो तिला वाईट बोलला. ती उठून समुद्राकडे चालू लागली, आणि घरातले सगळे मासे तिच्यामागे निघून गेले. पण प्रत्येक ओढ्याच्या उगमाशी तिची मुलगी राहते, म्हणून ते दर वर्षी परत येतात.

गावाच्या मध्यभागी चीफ जॉन्सन पोल नावाचा उंच खांब आहे, जुन्या खांबावरून १९८९ मध्ये पुन्हा कोरलेला. त्यावर अगदी वर एक पक्षी आहे, मग बराच भाग कोरा, मग खाली बाकीच्या आकृत्या. त्यात डोमकावळा आणि ती धुक्यातली बाई शोध. तिच्याजवळ मासे आहेत. ती सापडली की तिथून क्रीक स्ट्रीटकडे जा. तो रस्ता ओढ्यावर खांब रोवून त्यावर फळ्या टाकून केलाय. पुलावर कठड्याला पोट टेकून खाली बघ, पण लगेच नाही दिसणार. पावसाचे थेंब पडत असतात, पाणी हलत असतं. मोठ्या दगडाच्या मागे, जिथे प्रवाह जरा मंद असतो, तिथे नजर ठेव आणि शंभर मोज. आधी दगडांच्या सावल्या वाटतील, एकाला एक चिकटलेल्या. मग त्यातली एक सावली शेपूट हलवेल.